‘गाव कोणतं?’ : ऑनलाइन वंशशोधाची एक चिकित्सा

तुळिंजमध्ये राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारला, तर तो चाळीचे नाव, रस्ता आणि नालासोपारा पूर्व असे सांगतो. ‘गाव कोणतं?’ असे विचारले, तर मात्र उत्तर सहसा तुळिंज येत नाही. खेड येते, पाटण येते, जत येते, जौनपूरही येते. मराठी बोलण्यात अनोळखी माणसाची खरी ओळख या प्रश्नानंतर सुरू होते. आज घराण्याचा शोध ज्या संकेतस्थळांवर घेतला जातो, तिथे मात्र क्रम उलटा आहे. पहिली चौकट नावाची, दुसरी आडनावाची, आणि ठिकाण त्यानंतर. हा क्रम आपल्या कागदांचा नाही, आणि तो मुकाट्याने स्वीकारला की हाती असलेला माग सुटतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

ही चौकट आली कुठून, ते आधी पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणे प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक केले. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या युरोपभर रुजल्या. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावे घरवार सापडतात आणि शंभर वर्षांनी ती पाने वाचकांसाठी खुली होतात. स्थिर आडनाव, तारीख आणि व्यक्तीगणिक नोंद या तीन गोष्टी गृहीत धरून तिथली वंशशोधाची साधने घडली. आपल्या जनगणनेचे तसे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही. १८८१ पासून नियमित मोजणी होत आली, पण आपल्या पणजोबांचे घर त्यात शोधायची सोय नाही. आकडे आहेत, माणसे नाहीत.

मॉर्मन पंथीयांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले ‘फॅमिलीसर्च’ हे जगातले सर्वांत मोठे विनामूल्य दालन. त्यामागची यूटा इथली संस्था १८९४ सालची. भारतातील तीर्थक्षेत्रांच्या वह्यांच्या प्रतिमाही तिथे आहेत, आणि ही मोठी देणगी मानली पाहिजे. पण शोध रोमन लिपीत सुरू झाला की अडचणी उभ्या राहतात. ‘पवार’ हे एकच आडनाव इंग्रजी कागदांत निदान तीन स्पेलिंगांनी आलेले आहे. शिवाय अनेक जुन्या नोंदींत आडनावच नसते. ‘रामा वलद गोविंदा’ एवढाच मजकूर आणि पुढे जात. ‘वलद’ म्हणजे मुलगा. चौकटीत आडनाव भरणाऱ्याला हा रामा कधीच भेटणार नाही.

कोणी म्हणेल, ज्यांच्याकडे चर्चच्या वह्या आहेत त्यांचे तरी ठीक. उत्तर शेजारीच आहे. रेल्वे रुळांच्या पश्चिमेला वसईची जुनी ख्रिस्ती गावे पसरली आहेत. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत रुजलेली धर्मग्रामांची व्यवस्था आजही चालू आहे. तरी तिथेही आडनाव फारसे कामाला येत नाही. डिमेलो, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज अशी मोजकी आडनावे असंख्य घरांत वाटली गेली आहेत. तिथला माणूस दुसऱ्याला ओळखतो तो आळीवरून. म्हणजे युरोपीय पद्धतीची वही हाताशी असतानाही वसईत खरी किल्ली ठिकाणाचीच ठरते.

या प्रांतातला कुळांचा जुना लेखही हेच सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणात कोणती कुळे आली आणि कोणत्या गावी स्थिरावली, याची हकीकत तीत आहे. तिच्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. पण कूळ आणि गाव ही जोडी लेखकांच्या मनात किती घट्ट होती, ते तिच्यावरून कळते. त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्यायही आलेल्या यजमानाला आधी गाव विचारतात आणि मग वही काढतात.

विसाव्या शतकात छापलेले कुलवृत्तांत हे याच परंपरेचे ग्रंथरूप. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि मग शाखा असा त्यांचा बांध असतो. कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांत हा प्रकार विशेष वाढला. पत्रे पाठवून, गावोगाव हिंडून, वर्गणी जमवून केलेले हे काम आदरास पात्र आहे. त्यातले काही ग्रंथ आता स्कॅन होऊन घरबसल्या मिळतात. पण वाचताना त्यांची मर्यादा ध्यानात ठेवावी. वंशवृक्ष पुरुषांचा असतो. सून माहेरच्या नावासह येते आणि मुलगी ‘दिल्या घरी’ संपते. ज्यांच्याकडे छापायला पैसा आणि सांगायला वतन नव्हते, त्यांचे कुलवृत्तांत निघालेच नाहीत. इंटरनेटवर जे सापडते ते या जुन्या विषमतेचेच प्रतिबिंब आहे. तिथे एखादे घराणे सापडले नाही, तर त्या घराण्याला इतिहास नव्हता असे होत नाही.

मग सामान्य घराचा माग कुठे लागतो? महसुलाच्या कागदांत. राज्य सरकारच्या ‘महाभूलेख’वर जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्यावाचून नावाने शोधताच येत नाही. वरवर ही गैरसोय वाटते. खरे तर दप्तराची जुनी मांडणीच तिथे टिकून आहे. ‘आपले अभिलेख’ या दालनात अनेक तालुक्यांचे जुने सातबारा आणि फेरफार शुल्क भरून पाहता येतात. त्यातला वारसाचा फेरफार हा वंशशोधकासाठी सर्वांत बोलका कागद. कोण वारला, मागे कोण उरले, कोणाचे नाते काय, हे सारे तिथे लिहिलेले असते. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावेही तिथे दिसू लागली, तीही सासरच्या नावासह. पुष्कळदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड होऊन ती नावे गळतात. कुलवृत्तांताने ज्यांना गाळले त्या बायका सरकारी दप्तरात भेटतात, त्याही हक्क सोडताना. हे वाचून शोधकाने थबकले पाहिजे.

जमीन नसलेल्यांसाठी शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही आहे, कोतवाल बुक आहे, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. बऱ्याच जुन्या नोंदी मोडीत असतात. ज्यांचे घर गिरणगावातून उपनगरांकडे सरकत आले, त्यांच्या ट्रंकेत गिरणीचा लाल पास किंवा हजेरीचा तिकीट नंबर असू शकतो. १ जानेवारी १९८२ ही तारीख गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत निर्णायक ठरल्यापासून अशा चिटोऱ्याला मोल आले आहे.

वंशशोध हा फावल्या वेळचा छंद असे समजणाऱ्याने जात पडताळणीच्या कार्यालयाबाहेरची रांग पाहावी. जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा आणि तिथपर्यंत पोचणारी वंशावळ लागते. तुळिंजमधली कॉलेजला जाणारी मुलगी हा शोध घेते तो प्रवेशाची मुदत डोक्यावर घेऊन. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदींसाठी मोडी दप्तरे उघडली आणि त्यांतल्या अनेक नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्याही गावागणिकच वाचाव्या लागतात. त्या निमित्ताने घडलेल्या राजकारणावर मते वेगळी असतील. पण पणजोबांचे नाव प्रथमच कागदावर पाहणारी माणसे हजारोंनी निघाली, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकानेही नोंदवण्यासारखी आहे.

गावाचे नाव हातात असले तरी एक अडथळा उरतो. गाव जागेवर राहते, जिल्हा बदलतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधीचे तुळिंज ठाणे जिल्ह्यात शोधावे. सिंधुदुर्ग १९८१ पूर्वी रत्नागिरीत होता. सांगलीकराने ‘दक्षिण सातारा’, रायगडकराने ‘कुलाबा’ या नावांनीही पाहावे. मराठवाड्यातल्या माणसाला निजामी अमलातल्या उर्दू-फारसी कागदांशी गाठ घालावी लागते.

या साऱ्यातून कामाचा एक क्रम निघतो. संगणक उघडण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावे: गाव, वाडी, कुलदैवत, सोयरिकी कोणत्या गावांशी, कोणाचे माहेर कुठले. बाईला विचारावे असे म्हणतो, कारण माहेर आणि सासर अशी दोन गावे तिने स्वतः जगलेली असतात. पुरुषाला बहुधा एकच माहीत असते. मग गावाची शाळा, तलाठी, तहसील. ऑनलाइन दालने त्यानंतर. जो हा क्रम पाळतो त्याला तीच दालने भरभरून देतात. तयार झाडे जोडून देणाऱ्या संकेतस्थळांवर कोणी अनोळखी माणसाने जोडलेला पूर्वज मूळ कागद पाहिल्याशिवाय आपला मानू नये.

एक बदल मात्र आशेने पाहण्यासारखा आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्राने ठरवला आहे. शंभर वर्षांनी तुळिंजच्या एखाद्या मुलाचा माग काढणाऱ्याला त्याची आई पहिल्याच ओळीत भेटेल. आजच्या शोधकाला ती भेटत नाही. तिच्यासाठी त्याला तिच्या माहेरच्या गावापर्यंत जावे लागते, आणि तिथे गेल्यावरही प्रश्न तोच विचारला जातो : गाव कोणतं?