तुफान, वावटळ आणि वसंत

मी लहान असताना आमच्या म्हसवडच्या ओसरीवर दिवाळीत एक गोष्ट ठरलेली असे. फराळाची ताटे आली, की कोणीतरी पत्री सरकारचा विषय काढी. आम्ही पोरे आजोबांना हमखास विचारीत, "खरंच पायाला पत्रे ठोकायचे का हो?" आजोबा रंगून सांगत. मात्र कोणी १९४८ सालाचे नाव काढले, की ते सुपारी कातरू लागत आणि ओसरी गप्प होई.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मला व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' वाचताना कळला. ही कादंबरी १९६४ सालची. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि आमच्या भागात गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटली. पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या डोळ्यांनी माडगूळकरांनी ते दिवस दाखविले. लेखक स्वतः माडगुळ्याचा, आमच्याच माणगंगेच्या काठचा. तरी शिव्याशाप नाहीत, रडगाणे नाही. हा संयम मराठीत दुर्मिळच म्हणायचा.

माझी तक्रार आहे ती नावाविषयी. वावटळ न बोलावता येते आणि निघून जाते. तिला जाब कोण विचारणार? पण घर वाऱ्याने पेटत नाही. काडी कोणाच्या तरी हातात असते, आणि ती विझवायला धावलेले हातही कोणाचे तरी असतात. आजोबांचे मौन आणि हे नाव, दोन्ही मला एकाच जातीची वाटतात.

उठावाला हवामानाचे नाव देण्याची आपल्याला हौसच आहे. अरब देशांत २०११ साली लोक उठले, तेव्हा साऱ्या जगाने त्याला 'वसंत' म्हटले. वास्तविक प्रारंभ झाला तो ट्युनिशियातील सिदी बूझिद गावच्या एका हातगाडीवाल्यापासून. अधिकाऱ्यांनी माल हिसकावला, कोणी दाद घेईना, म्हणून १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुअझीझीने स्वतःला पेटवून घेतले. महिन्याच्या आत तिथला अध्यक्ष पळाला. फेब्रुवारीत इजिप्तचा पायउतार झाला. पुढे? इजिप्तमध्ये २०१३ साली लष्कराने सत्ता घेतली. सीरियात तेरा वर्षे रक्त वाहिले, तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाला. ट्युनिशियात लोकांनी एकत्र बसून २०१४ साली राज्यघटना केली; २०२१ साली अध्यक्षाने संसदच बंद पाडली. यातले ऋतुमानाने काय घडले? सारे माणसांनी केले, आणि माणसांनीच मोडले.

आमच्या साताऱ्यातही 'तुफान' होतेच. प्रतिसरकारच्या दलाचे नावच तुफान सेना. पण त्या तुफानाला कवायत होती, शिस्त होती. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. त्यानंतर नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून १९४६ पर्यंत जे चालले, त्यात बंदुकीइतकेच महत्त्व न्यायाला होते. गावात बसून तंटे मिटविले गेले, दरोडेखोरांना जरब बसली, थोड्या खर्चात गांधी-लग्ने लागली. आजोबांच्या गोष्टीत हे कधी आले नाही. बांधाचा तंटा मिटला तर ऐकणारा टाळी वाजवीत नाही, पत्र्याला वाजवितो. ज्या मुलखाने आपला न्याय आपण करून दाखविला, त्याच मुलखात दोन वर्षांत घरे जळाली, हे कोडे टाळ्यांनी सुटणारे नाही.

म्हणून 'वावटळ' घरोघर वाचली जावी, असे मला वाटते. तिचे नाव पटत नाही म्हणूनसुद्धा वाचावी.

आजोबा आता नाहीत. ओसरीवर सांगायची पाळी माझ्यावर आली आहे. यंदा पोरांनी पत्र्याचे विचारले, तर आधी मी बांधाच्या तंट्याचे सांगणार आहे. आणि सुपारी न कातरता १९४८ चेही.