‘जर-तर’ची किंमत : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेचा कुमार वाचकाच्या संदर्भात विचार

मराठी विज्ञानकथेची समीक्षा करताना वैज्ञानिक कल्पनेची शक्याशक्यता आणि कथेची वाचनीयता या दोन अंगांची चर्चा पुष्कळ झाली आहे. कथेतील माणूस आपल्या अवघड भावनांशी कसा वागतो, हा प्रश्न मात्र मागे राहिला. विज्ञानकथेचा वाचक बहुतांशी कुमारवयीन असतो, हे ध्यानात घेता ही उणीव लहान नाही. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ती मुद्दाम कुमारांसाठी लिहिलेली नाही. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्नबिल’ या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तिचे रूपांतर समाविष्ट झाले आणि सोळा-सतरा वर्षांचे विद्यार्थी हा तिचा फार मोठा वाचकवर्ग ठरला. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या पाठातील कथेला धरून आहे.

पुण्याचे इतिहासकार प्रा. गंगाधरपंत गायतोंडे पानिपताचा विचार करीत चाललेले असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते निराळ्याच इतिहासात जाऊन पोहोचतात. तेथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून निघून गेली आहे. मराठे विजयी झाले आहेत. १४ जानेवारी १७६१ ची हळहळ मराठी मनाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारच त्या हळहळीतून रूढ झाला. नारळीकर ही हळहळ खोडून काढत नाहीत, तिची समजूतही घालत नाहीत. ते तिची इच्छा पूर्ण करून टाकतात आणि पुढे काय होते ते दाखवतात. भावनेला उपदेश न करता तिला तिच्या टोकापर्यंत जाऊ देण्याची ही रीत विज्ञानकथेलाच साधू शकते.

इच्छापूर्तीनंतर पंत शांत होतात काय? आझाद मैदानावरील सभेत त्यांना अध्यक्षाची रिकामी खुर्ची दिसते आणि ती त्यांना सोसवत नाही. त्या जगाने सभाध्यक्षाची प्रथा सोडून दिली आहे. पंत मात्र व्यासपीठावर चढतात, खुर्चीत बसतात, भाषण रेटतात आणि श्रोत्यांचा मारा ओढवून घेतात. राष्ट्राचे दुःख काही तासांत फिटले, स्वतःची अहंता तशीच राहिली. कथेतील खरी अवघड भावना पानिपताची नसून खुर्चीची आहे, असे म्हणावे लागते. आपल्या जगात परतल्यावर हजारावे अध्यक्षीय भाषण आझाद मैदानावर होऊन गेले असे सांगून पंत पानिपतविषयक परिसंवादाला नकार कळवतात. त्यात विनोद आहे. पण स्वतःवर हसता येणे ही पंतांची या कथेतील एकमेव कमाई आहे, आणि ती थोडकी नाही.

त्यामानाने राजेंद्र देशपांडे यांचे स्पष्टीकरण, म्हणजे कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त आणि पुंजयामिकी यांच्या आधारे केलेली उकल, भावनेच्या अंगाने गौण आहे. ती बुद्धीचे समाधान करते. वर्गात मात्र बहुधा तिच्यावरच प्रश्न विचारले जातात.

कथेची उणीव अन्यत्र आहे. त्या निराळ्या मुंबईत पंत फोर्ब्सच्या कचेरीत आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची, चौकशी करतात. अशा नावाचा कोणी तेथे नाही. या जगात आपला मुलगा कदाचित जन्मलाच नसेल, असा विचार पंतांच्या मनात येतो आणि ते आभार मानून बाहेर पडतात. पानिपत जिंकण्याची किंमत स्वतःचा मुलगा असू शकते, हे येथे क्षणभर उघडे पडते. इतक्या मोठ्या धक्क्याला कथा मोजक्याच ओळी देते. पंत टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाकडे वळतात आणि पित्याची जागा इतिहाससंशोधक घेतो. हा संयम आहे की टाळाटाळ, हे नारळीकरांनी अनिर्णित ठेवले आहे. घरातील मृत्यू किंवा आई-वडिलांची ताटातूट अनुभवलेला विद्यार्थी नेमका याच ठिकाणी थांबेल. त्याच्या मनातील ‘जर’ पानिपताचा नसतो.

वसईसारख्या ठिकाणी ही कथा शिकवताना आणखी एक पदर उलगडतो. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने घेतलेला किल्ला आणि ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, असा विजय आणि मांडलिकत्व दोन्ही या एकाच गावाच्या नावावर आहे. शिवाय १७३९ ची स्मृती येथील साऱ्या घरांत एकसारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही. पोर्तुगीज काळापासून येथे नांदणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतील विद्यार्थी त्याच बाकांवर बसलेले असतात. कोणत्या लढाईचा निकाल बदलावासा वाटतो, असा प्रश्न या वर्गात विचारला तर उत्तरे एकमेकांना छेद देतील. अध्यापकाने तो प्रश्न विचारल्यावर घाईने निकाल देऊ नये. विनयच्या चौकशीचा प्रसंगही त्याच तासाला पुन्हा वाचून घ्यावा.