भिंतीच्या आरपार गेलेला चेंडू

अमरावती-अकोल्याची पोरंही आता 'युनिटी'वर गेम बनवतात. वेगवान चेंडू भिंतीवर न आदळता आरपार गेला, की ती भिंतच जाड करत बसतात. पण तिथलं भौतिकशास्त्र मुळात दर ०.०२ सेकंदाला एकदाच डोळे उघडतं. सेकंदाला ५० मीटर धावणारा चेंडू तेवढ्यात मीटरभर पुढे गेलेला असतो; वीतभर भिंत मधेच राहून जाते. बौद्धांचा क्षणिकवाद आठवा: वस्तू सरकत नाही, क्षणाक्षणाला पुढच्या जागी नवी उपजते. चेंडूची टक्कर-तपासणी 'कंटिन्यूअस' करा, मधली वाटही तपासली जाईल. त्यात संगणकाला काम जास्त, म्हणून मूळ निवड 'डिस्क्रीट' असते. ते ठीक. माझा आक्षेप एवढाच, की एडिटर हे गृहीतक बोलून दाखवत नाही, अन् पोराला वाटतं, आपल्याला जमतच नाही.