‘वसंतसेना’ : एका राजकीय टोमण्याची चिकित्सा

राजकीय टोमण्यात आरोप दडलेला असतो. मात्र टोमणा पुरावा देत नाही; हशा मिळवून मोकळा होतो. ‘वसंतसेना’ हा शब्द या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

शब्दाची घडण

१९६६ साली मुंबईत शिवसेना स्थापन झाली, तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते (१९६३–७५). गिरणगावातील कम्युनिस्टांचा जोर मोडण्यासाठी काँग्रेस सरकार सेनेला हाताशी धरते, असे विरोधक म्हणत. त्यातून ‘शिव’च्या जागी ‘वसंत’ आला. पहिला अर्थ उघड आहे : ही शिवरायांची नव्हे, वसंतरावांची सेना. दुसरा अर्थ ‘मृच्छकटिक’ नाटकातून येतो. देवलांच्या रूपांतरामुळे त्यातील गणिका वसंतसेना मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची होती. म्हणजे सेना ‘विकली गेलेली’ ठरते.

तुलना

युक्रेनी भाषेतील ‘तितुश्की’ हा शब्द असाच आरोप करतो. मे २०१३ मध्ये कीव्हमध्ये पत्रकारांवर हल्ला झाला. त्यातील तितुश्को नावाच्या तरुणाच्या आडनावावरून सरकारधार्जिण्या भाडोत्री गुंडांना हे नाव पडले. तिथे एका घटनेतून शब्द निघाला, इथे श्लेषातून.

मर्यादा

श्लेषाचे यश मान्य करूनही दोन आक्षेप उरतात. पहिला साहित्यिक. शूद्रकाची वसंतसेना राजाचा मेहुणा शकार याला झिडकारते आणि निर्धन चारुदत्तावर प्रेम करते. सत्तेला नकार देणारी स्त्री इथे सत्तेच्या बटकीचे नाव बनते. टोमणा नाटकावर नव्हे, गणिकेविषयीच्या तुच्छतेवर उभा आहे.

दुसरा आक्षेप राजकीय. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पुढच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. अशा काळात सरकार कोणाला पाठीशी घालते, हा प्रश्न जिवावरचा होता. टोमण्यात मात्र हसे होते ते सेनेचे; जाब ज्याला विचारायचा तो राज्यकर्ता केवळ विशेषण होऊन निसटतो. शिवाय नोकरीच्या आशेने सेनेत गेलेले हजारो मराठी तरुण नुसती बाहुली ठरतात.

विचार करा

तुमच्या भाषेतील एखादा प्रचलित राजकीय टोमणा घ्या. त्यातला आरोप साध्या वाक्यात लिहा. तो सिद्ध करायला कोणता पुरावा लागेल? आणि हसण्याच्या नादात कोण सुटतो?