सत्त्याहत्तर ओव्यांचा हिशेब

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत साधारण 118 दिवस होतात. सांप्रदायिक प्रतीत ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9033. भागाकार केला की रोजच्या 77 येतात. जळगाव-धुळ्याकडच्या अनेक भजनी मंडळांत चातुर्मासाचा सामुदायिक वाचननेम याच हिशेबावर चालतो. आषाढीला संकल्प सोडायचा, रोज ठरलेल्या ओव्या वाचायच्या, मोबाइलवरच्या गटात ‘आजचे वाचन पूर्ण’ असे कळवायचे आणि कार्तिकीला ग्रंथसमाप्ती करायची. तरुण मुले याला ‘वाचन चॅलेंज’ म्हणू लागली आहेत. शब्दावर रागवण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे याला नेम म्हणत आले, आणि नेमात खंड पडला की माणसाला चुकल्यासारखे होई, हरल्यासारखे होत नसे. चॅलेंज म्हटले की जिंकणारे आले आणि हरणारेही आले. या वाचनाची चिकित्सा करायची ती याच ठिकाणी.

आधी त्याचे ऋण मानले पाहिजे. एकट्याने ज्ञानेश्वरी धरलेला माणूस बहुधा दुसऱ्या अध्यायात थांबतो. पहिल्यात मंगलाचरण आहे, कथा आहे, अर्जुनाचा विषाद आहे. दुसऱ्याच्या 375 ओव्यांत सांख्याचा विचार सुरू झाला की पोथी पुन्हा लाल कापडात जाते आणि पुढच्या आषाढीपर्यंत तिला गंधफूल तेवढे मिळते. गटाने ही पोथी कापडाबाहेर काढली. शेजारीण वाचते म्हणून आपण वाचतो, सुनेने विचारले म्हणून सासू चष्मा शोधते, हे चांगलेच झाले. मोजणीला नावे ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की संप्रदायाला मोजणीचे वावडे कधीच नव्हते. माळेचे मणी मोजलेले असतात, हरिपाठाचे अभंग मोजलेले असतात आणि पंढरीच्या वाटेवरचे मुक्कामही.

प्रश्न मोजण्याचा नाही, समान वाटणीचा आहे. रोजच्या 77 हा आकडा कागदावर निर्दोष दिसतो, पण तो खानदेशातल्या शेताकडे न बघता काढलेला आहे. जरा पंचांग शेजारी ठेवून पाहू. श्रावण शुद्ध एकादशीच्या आसपास नववा अध्याय लागतो. ऋषिपंचमीच्या सुमारास 1170 ओव्यांचा तेरावा येतो, त्याच वेळी मूग-उडदाच्या शेंगा तोडणीला आलेल्या असतात. कोजागरी आटोपते न आटोपते तोच अठरावा सुरू होतो. हा ग्रंथातला सर्वांत मोठा अध्याय, 1810 ओव्यांचा, म्हणजे एकूण ग्रंथाचा पाचवा हिस्सा. आणि नेमका तेव्हा कापूस फुटतो. बाया उजाडायच्या आत भाकरी बांधून वेचणीला निघतात, मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे दिवस मावळेपर्यंत ओटी मोकळी होत नाही. त्यातच दिवाळी, भाऊबीज, लेकीबाळींचे येणे. गटात गळती होते ती इथे. ‘पूर्ण’ म्हणून कळवणारी नावे कमी कमी होत जातात आणि कार्तिकीला समाप्तीचा नारळ फोडायला उरतात ते बहुतेक निवृत्त गुरुजी, दुकानदार आणि घरी मनुष्यबळ असलेले लोक. जिच्या हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे आहेत ती या यादीत नसते. तिची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणत नाही, पण यादी मात्र तेच सांगते.

दिंडीत असे चालत नाही. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी आणि मागे डोईवर तुळस घेतलेल्या मायमाउली. कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक काळ चालते, तापीकाठापासून चंद्रभागेपर्यंत. या एवढ्या वाटेत कितीतरी पाय सुजतात, पण विण्याला मागे टाकून पताका एकटीच पंढरपुरात शिरली असे होत नाही. विसावा असतो तो मागच्याला गाठता यावे म्हणूनही. आपल्या वाचनगटाला पताका आहे, विसावा नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. तेराव्यात माउली ज्ञानाची लक्षणे सांगतात. अमानित्व झाले की लगेच अदंभित्व येते. आपण केलेले सत्कर्म कसे झाकून ठेवावे याचे दृष्टांत तिथे एकामागून एक येतात. त्यातला शेतकऱ्याचा दृष्टांत आपल्याकडच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पेरलेले बी शेतकरी मातीखाली झाकतो. उघडे टाकले तर पाखरे खातात. हा दृष्टांत वाचून संपतो आणि वाचणाऱ्याचा अंगठा मोबाइलवर ‘आजच्या 77 पूर्ण’ असे टाइप करतो, वर हात जोडल्याचे चित्र. यात दंभ असतोच असे मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना केवळ गटात राहायचे असते. तरीही त्या दिवशी तरी एखाद्याचा अंगठा थबकावा, अशी अपेक्षा करणे फार झाले का? तो थबकत नाही, कारण तोपर्यंत डोळे पुढच्या ओवीवर गेलेले असतात. पुढे अहिंसेचे विवरण शंभरावर ओव्यांचे आहे. पायाखालच्या जीवाला इजा होऊ नये म्हणून पाऊल कसे टाकावे, बोलावे कसे, पाहावे कसे, हे सगळे माउली थांबून थांबून सांगतात, आणि विस्तार झाला हे त्यांच्याही ध्यानात येते. ज्या ठिकाणी सांगणाऱ्याला घाई नाही तिथे वाचणाऱ्याने दीड दिवसात बाहेर पडावे, हे विचित्र आहे. नवव्याच्या आरंभी श्रोत्यांकडे त्यांनी मागितले ते अवधान. संख्येचा तिथे उल्लेख नाही.

यावर उत्तर मिळते की मग सात दिवसांच्या पारायणाचे काय? तिथे तर रोज जवळजवळ 1300 ओव्या होतात. खरे आहे. पण सप्ताहात पारायण एकटे नसते. पहाटे काकडा असतो, सकाळी व्यासपीठावरून वाचन, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. सकाळी धावत गेलेली ओवी दुपारी प्रवचनकार पुन्हा उचलतो, अहिराणीत किंवा लेवा बोलीत सोडवून सांगतो, आणि रात्री कीर्तनकाराच्या दृष्टांतात ती तिसऱ्यांदा भेटते. मंडपात ज्यांना अक्षरओळख नाही अशा आजीही पुढे पोथी उघडून बसतात, शेजारणीने पान उलटले की आपले पान उलटतात. त्यांना कोणी उठवत नाही. चातुर्मासाच्या गटाने सप्ताहातून वाचन तेवढे उचलले. प्रवचन, हरिपाठ, मंडप आणि त्या आजी मागेच राहिल्या. समूह राहिला तो यादीपुरता.

सामुदायिक वाचनाचा आपल्याच मुलखातला एक दाखला या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. 21 फेब्रुवारीला पहिले, 19 जूनला शेवटचे, दर रविवारी एक. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते; त्यांनी ती उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे. 18 रविवार म्हणजे सुमारे चार महिने, जवळपास आपल्या चातुर्मासाएवढेच. हंगाम मात्र उलटा, पानगळीपासून मृगापर्यंतचा.

पुस्तक म्हणून त्याच्यात उणे काढता येतील. बोलण्यातली पुनरुक्ती आहे, काही अध्यायांतला एखादाच श्लोक धरून विनोबा तासभर बोलतात आणि बाकीचे श्लोक नुसते ओलांडतात. श्लोकाश्लोकाचा अर्थ हवा असलेल्याची इथे निराशा होते. पण सामुदायिक वाचनाचा नमुना म्हणून त्याचे मोल वेगळे आहे. वाटणी श्लोकांच्या संख्येवर नाही. बाराव्याला 20 श्लोक, अठराव्याला 78, तरी दोघांनाही एकेकच रविवार. प्रत्येक अध्यायातून श्रोत्याने एक गोष्ट घेऊन उठावे आणि मधले सहा दिवस ती त्याच्याजवळ राहावी, अशी ती रचना. पहिल्याच अध्यायात अर्जुनाचा विषाद समजावताना विनोबा एका न्यायाधीशाचा दाखला देतात. कित्येकांना फाशी देणाऱ्या या माणसापुढे एके दिवशी स्वतःचा मुलगाच गुन्हेगार म्हणून उभा राहतो आणि मग त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. एवढा एक दाखला आठवडाभर पुरतो. ज्याच्या मनात आपला-परका आहे त्याला तो घरी, शेतात, बांधावरच्या भांडणात भेटत राहतो. आपल्या गटातल्या किती जणांना काल वाचलेल्या 77 ओव्यांपैकी एक तरी आज भेटते?

विनोबांनी गीता मराठीत आणली तीही वाचू न शकणाऱ्यासाठीच म्हणायची. आईला संस्कृत गीता कळेना, तिने मराठीत मागितली. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी, 1930 च्या ऑक्टोबरात सुरुवात करून 1931 च्या फेब्रुवारीत ‘गीताई’ पुरी झाली. आणि धुळ्यात ती प्रवचने उतरून घेणारे साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. दारे उघडली. अठरा रविवार ऐकलेल्या-लिहिलेल्या माणसाने पंधरा वर्षांनी काय केले, हे वाचनाच्या कुठल्याही यादीत मावणारे नाही.

अर्थात धुळ्याच्या त्या श्रोत्यांना कापूस वेचायला जायचे नव्हते. तुरुंगाची फुरसत गावाला लावता येत नाही. शिवाय चातुर्मासाचे आठवडे जेमतेम 17 भरतात आणि माउलींचा अठरावा एका आठवड्यात सांगून होणारा नाही. तेव्हा धुळ्याचा नमुना जसाच्या तसा उचला असे माझे म्हणणे नाही. पण त्यातून एवढे घेता येईल की वाटणी माणसे आणि मजकूर बघून करावी.

छोट्या मजकुराचे म्हणाल तर तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांना कोणी विसरू नये. चौदाशे वर्षे जगलेला योगी, मायना काय लिहावा या पेचात कोरा कागद पाठवतो, मुक्ताई त्याच्या कोरेपणावर बोट ठेवते आणि उत्तर म्हणून जाते ते 65 ओव्यांचे पत्र. आपल्या एका दिवसाच्या वाट्याहूनही कमी. चांगदेवांना तेवढ्यानेही उमगले नाही. वाघावर बसून भेटीला यावे लागले, गर्व उतरावा लागला आणि वयाने एवढीशी असलेली मुक्ताई गुरू करावी लागली. संध्याकाळच्या वीस मिनिटांत पासष्ट ओव्या ‘पूर्ण’ होतात असे मानणाऱ्याने कधीतरी चांगदेवच्या देवळात जाऊन बसावे.

मग करायचे काय? ग्रंथाचा क्रम मोडायचा नाही, हे उघडच. पण ओझे पुढे-मागे करता येते. आषाढ-श्रावणात झड लागते, शेतात पाय घालता येत नाही, निंदणी खोळंबते. तेव्हा रोज 110 ओव्या घेतल्या तर 70 दिवसांत 7700 होतात, म्हणजे अठराव्यातल्याही पावणेपाचशे मागे पडतात. 70 दिवस पुरे होतात ते भाद्रपद वद्य षष्ठीच्या आगेमागे. ती तर ज्ञानेश्वरी जयंती. शके 1212 मध्ये माउलींनी सांगितलेला ग्रंथ पाठभेदांनी बिघडला होता, तो नाथ महाराजांनी शके 1506 मध्ये शुद्ध केला, त्याची आठवण म्हणून आपण हा दिवस पाळतो. एका एका ओवीवर थांबून ज्यांनी हे काम केले, त्यांच्या दिवशी गटाने थांबावे, मागे राहिलेल्यांना गाठू द्यावे. विसावा तो. उरल्या 1333 ओव्या आणि 48 दिवस, म्हणजे रोजच्या 28. वेचणीहून आलेल्या बाईला चूल पेटवताना ऐकता येतील एवढ्या.

ऐकता येतील असे मुद्दाम म्हटले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. 1951 मध्ये त्या गेल्या, पुढल्या वर्षी त्यांची गाणी छापून आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. घरातल्यांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली होती म्हणून उरली. त्यांच्या बोलण्यात जे अध्यात्म आहे ते अक्षरांच्या वाटेने आलेले नव्हते. कानाने आले, कामाने आले. आजच्या वाचनगटाच्या नियमात अशा बाईला जागाच नाही, तिच्या नावापुढे रोज रिकामे घर राहील. म्हणून गटाने एक वाचणारी आणि चार ऐकणाऱ्या अशी बैठक धरावी, आणि ऐकणारीचाही दिवस पुरा धरावा. 28 ओव्या एकीने सावकाश म्हटल्या तर दहा मिनिटे लागतात. एखादी मध्येच म्हणेल, ‘बाई, ते पुन्हा सांग’. तिच्यासाठी मागे जावे, मग त्या दिवशी अठ्ठावीस न होता अकराच झाल्या तरी.