वादाकडून जल्पाकडे : अमेरिकेंतील रेग्नेरी प्रकाशनाचें परीक्षण

ग्रंथपरीक्षण करतांना आपण ग्रंथकाराचीं प्रमाणें तपासतों. प्रकाशकाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु एखाद्या प्रकाशनसंस्थेनें पाऊणशें वर्षें एकाच राजकीय मताचा कैवार घेऊन ग्रंथ काढले असतील, तर तिच्या ग्रंथांची यादी हेंच इतिहासाचें एक साधन होऊन बसतें. अमेरिकेंतील रेग्नेरी ही अशी संस्था होय. उजव्या विचारसरणीची म्हणून ती प्रसिद्ध आहे. तें मत ग्राह्य कीं त्याज्य हा येथें प्रश्न नाहीं. त्या मतापायीं तिनें प्रमाणांस कसें वागविलें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे. त्यासाठीं तिच्या महायुद्धविषयक ग्रंथांचीं दोन टोकें आम्हीं निवडलीं आहेत.

हेन्री रेग्नेरी (१९१२–१९९६) यांनीं इ. स. १९४७ मध्यें शिकागो येथें ही संस्था काढली. ते तरुणपणीं जर्मनींत शिकलेले. दुसरें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें आणि जेत्यांच्या वर्तनाविषयीं शंका काढणें फारसें कोणास रुचत नव्हतें. अशा वेळीं त्यांच्या आरंभींच्या ग्रंथांत व्हिक्टर गोलान्झ यांचें ‘इन डार्केस्ट जर्मनी’ हें पुस्तक निघालें. गोलान्झ हे इंग्रज, ज्यू आणि समाजवादी; १९३६ मध्यें निघालेल्या ‘लेफ्ट बुक क्लब’चे संस्थापक. १९४६ च्या अखेरीस इंग्रजांच्या ताब्यांतील जर्मनींत हिंडून तेथील उपासमार त्यांनीं स्वतः पाहिली आणि छायाचित्रांसह मांडली. ज्याच्या धर्मबांधवांचा जर्मनांनीं संहार केला, तोच जर्मन मुलांच्या अन्नासाठीं भांडतो, आणि त्या डाव्या ग्रंथकाराचें पुस्तक उजव्या मताचा प्रकाशक छापतो, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें १९५२ मध्यें चार्ल्स टॅन्सिल यांचा ‘बॅक डोअर टु वॉर’ हा ग्रंथ निघाला. जपानशीं युद्ध ओढवून घेऊन त्या मागल्या दारानें युरोपच्या युद्धांत शिरावें, असा अध्यक्ष रूझवेल्ट यांचा बेत होता, हें त्याचें प्रतिपाद्य. तें आम्हांस पटत नाहीं. एखाद्या धोरणाचा परिणाम युद्ध झाला हें दाखविणें निराळें, आणि तो परिणाम हाच मूळ हेतु होता हें सिद्ध करणें निराळें. तथापि टॅन्सिल यांनीं अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याचें दप्तर धुंडाळलें आणि कागद नांवानिशीं दिले. म्हणून विरुद्ध पक्षास त्यांचें खंडन करण्याची वाट मोकळी राहिली. विल्यम बकली (१९५१) व रसेल कर्क (१९५३) यांच्या ग्रंथांनीं संस्थेची कीर्ति झाली, ती सर्वश्रुत आहे. पण तिच्या स्वस्त ‘गेटवे’ मालेंत खुद्द कम्युनिस्ट जाहीरनामाही निघाला, हें कमी लोकांस ठाऊक असेल. पूर्वपक्ष मुळांतून वाचावयास देणाऱ्यास आपल्या उत्तरपक्षाचा भरंवसा असतो.

आतां दुसरें टोक. १९ फेब्रुवारी १९४२ च्या हुकुमानें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० माणसांस घरांतून उठवून छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. १९८८ मध्यें कायद्यानें त्यांची क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्याचें ठरलें. २००४ मध्यें रेग्नेरीनें मिशेल मॅल्किन यांचा ‘इन डिफेन्स ऑफ इंटर्नमेंट’ हा त्या बंदिवासाचें समर्थन करणारा ग्रंथ काढला. त्याचा मुख्य आधार म्हणजे अमेरिकेनें फोडलेल्या जपानी सांकेतिक तारा. जपान हेर मिळविण्याच्या खटपटींत होता, एवढें त्यांवरून सिद्ध होतें. पण जर्मन हेरांची ३३ जणांची टोळी १९४१ मध्यें प्रत्यक्ष दोषी ठरली, तरी जर्मन वंशाच्या लोकांस सरसकट उठविलें नाहीं. हेतु जेथें आहे तेथें साध्य नाहीं. नैयायिक यासच सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात.

शिवाय येथें पाठभेदाचा प्रश्न आहे. त्या कारवाईचे सेनापति डीविट यांच्या १९४३ च्या अहवालाच्या मूळ पाठांत, कितीही वेळ मिळाला तरी निष्ठावंत व अनिष्ठ निवडणें अशक्यच, असें होतें. युद्धखात्यानें तें बदलवून ‘वेळ नव्हता’ असें करविलें आणि मूळ प्रती जाळविल्या. वांचलेली एक प्रत १९८२ मध्यें राष्ट्रीय दप्तरखान्यांत सांपडली. या पाठाचा निकाल लावल्यावांचून लष्करी गरजेचें समर्थन उभें राहूं शकत नाहीं. ग्रंथाच्या उपशीर्षकांत तत्कालीन दहशतवादविरोधी युद्धाचाही उल्लेख आहे. म्हणजे निर्णय वर्तमानाचा आणि भूतकाळ साक्षीस बोलाविलेला.

सत्यनिर्णयासाठीं चालतो तो वाद, जयासाठीं चालतो तो जल्प, हा भेद आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. युद्धकालीन राजसत्तेस जाब विचारून जी संस्था उभी राहिली, तिनेंच सत्तावन्न वर्षांनीं त्याच युद्धांतील राजसत्तेची वकिली केली, हें पाहून आम्हांस खेद झाला. मध्यंतरीं संस्था १९९३ मध्यें ईगलकडे गेली होती. पुढें ती २०१४ मध्यें सेलमकडे आणि २०२३ च्या अखेरीस स्कायहॉर्सकडे गेली. पण मालक बदलले एवढ्यानें हा दोष झांकत नाहीं. मत पूर्वीं होतें तसेंच नंतरही होतें. सुटला तो प्रतिपक्षाचा धाक. संशोधकांच्या ग्रंथालयांत १९४७ चें तें पुस्तक आणि २००४ चें हें पुस्तक शेजारीं शेजारीं ठेवावें, म्हणजे नव्या अभ्यासकास वेगळा उपदेश करावा लागणार नाहीं.