दुर्मिळाचा शोध आणि आद्यत्वाचा मान

चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही १९८२ मधील ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ विस्मृतीत होती. २०१० मध्ये ती पुनःप्रकाशित होताच ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताची आद्य कृती म्हणून तिचा गौरव झाला; कारण शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. टीबी-३०३ हे यंत्र दोहोंत आहे, हे खरे. परंतु साधनसाम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून घडलेल्या सिंग यांच्या येथे याच यंत्राच्या सरकत्या स्वरांतून मींडेचा आभास निर्माण होतो आणि डिस्कोचा अविचल ठेका रागविस्ताराला सतत छेद देतो. हा ताण हेच या कृतीचे व्याकरण होय. ते उलगडत नाही, तोवर आद्यत्वाचा मान हाही विस्मृतीचाच एक प्रकार ठरतो.